काळा वाटाणा म्हणजे नको

नाहूरला आमची चोवीस घरांची जुनी बिल्डिंग आहे. तळमजला आणि वर तीन मजले. तिची मी सात वर्षं सेक्रेटरी आहे. हे पद मी मागितलं नव्हतं. एका मीटिंगला उशिरा पोचले, तोवर माझ्या नावावर शिक्का बसला होता. नोकरीतली तीस वर्षं मी फायलींत काढली. फाइल खालून वर जाते, सही होते, खाली येते, विषय संपतो. लोकांनी एकदा आपल्याला निवडून दिलं की पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांनी गप्प बसावं आणि आपल्याला काम करू द्यावं, असं माझं साधं सरळ मत होतं. आमच्या बिल्डिंगीत ते चालत नाही, कारण आमच्याकडे बरणी आहे.

ही चिनी मातीची, अरुंद तोंडाची, लोणच्याची बरणी आईची. इथली निम्म्याहून जास्त घरं कोकणातली, गिरणीत राबलेल्या माणसांची. सोसायटी नवी झाली तेव्हा मीटिंगमध्ये "हात वर करा" म्हटलं की जो तो आधी शेजाऱ्याकडे बघायचा. ज्या घरातून सकाळी विरजण आणलं, त्या घराच्या विरुद्ध संध्याकाळी हात कसा वर करणार? बायका तर हात पदरातच ठेवायच्या. मग आईने तोडगा काढला. प्रत्येक घराने आपल्या स्वयंपाकघरातून एक दाणा मुठीत आणायचा. चवळी म्हणजे हो, काळा वाटाणा म्हणजे नको. बंद मूठ बरणीच्या तोंडावर न्यायची आणि सोडायची. कोणाला काही दिसत नाही आणि विरजण चालू राहतं.

पुढे त्याचा नियमच झाला. रोजचं कमिटीने बघायचं: पाण्याची वेळ, पंप, जिन्यातले दिवे. पण कमिटीचा एखादा निर्णय पटला नाही आणि सहा घरांनी कागदावर सही करून 'बरणी काढा' म्हटलं, की कमिटीने बाजूला व्हायचं आणि बरणीचं ऐकायचं. बांधकामाचा विषय असेल तर सह्यांची वाटच बघायची नाही, बरणी निघणारच. आणि तेव्हा पडलेल्या मतांत दर तीनातली दोन 'हो' असायला हवीत; बाकी विषयांना साधं बहुमत पुरे. सरकारी वहीत आम्ही 'बहुमताने मंजूर' एवढंच लिहितो. कडधान्याचा उल्लेख करत नाही.

या बरणीने माझ्या डोक्यावर किती मिरे वाटले ते मलाच माहीत. जिन्यात कुंड्या नकोत म्हटलं, बरणी. पंप सहाऐवजी साडेपाचला सुरू केला, बरणी. बरणी कोणाच्या घरी ठेवायची, यावरही एकदा बरणी निघाली. मोठ्या निवडणुकांत बोटाला शाई लागली की आपल्याला पाच वर्षं कोणी काही विचारत नाही, म्हणून आम्ही सगळे कुरकुरतो. इथे दर महिन्याला विचारावं लागत होतं, म्हणून मी कुरकुरत होते.

आई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते आणि मी पहिल्या मजल्यावर माझ्या संसारात. दोन घरं, म्हणून मतंही दोन. मोरीत पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर लिफ्टचा विषय निघेपर्यंतचे अकरा महिने ती स्वतःच्या पायांनी खाली उतरली नाही. दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून चार जणांनी उचलायचं. चौपन्न पायऱ्या. प्रत्येक वळणावर ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. ज्या बाईने ही बिल्डिंग उभी राहताना विटा मोजल्या होत्या, ती तिथून सामानासारखी उतरत होती. घरी तिला काही कमी नव्हतं. पोटभर जेवायची, गॅलरीतून भाजीवाल्याशी भांडायची, खालच्या गाड्या कोणी वाकड्या लावल्या ते ओरडून सांगायची. पण रोज एकदा, बहुतेक चहाच्या वेळी, म्हणायची, "माका खाली जावचा आसा." मी "हो गं, बघू" म्हणायचे. बघण्यासारखं काही नव्हतं, आणि ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

बरणी निघाली की मी वर जायचे. आई माझ्या तळहातावर दाणा ठेवायची, माझी बोटं स्वतःच्या हाताने मिटायची आणि म्हणायची, "उघडू नको." मी उघडायचे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उघडायचे. आणि आता कबूल करून टाकते: बिल्डिंगला पिवळा रंग द्यायचा की नाही यावर बरणी निघाली तेव्हा आईने काळा वाटाणा दिला होता आणि बरणीत चवळी पडली. रंग मी ठरवला होता, चार दुकानं मी फिरले होते, आणि वर बसून आईला त्यातलं काय कळणार, असं मला मनापासून वाटलं. आपण तिचं भलंच करतोय असंही वाटलं. हात जरासुद्धा थरथरला नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

मग लिफ्टचा विषय आला. आर्किटेक्ट येऊन बघून गेला. म्हणाला, पुढच्या बाजूने लिफ्ट लावता येईल, प्रत्येक मजल्यावर थेट दारात. मी हरखून गेले. अडचण एकच होती. लिफ्टची भिंत तळमजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येत होती. काकू म्हणजे आईची जुनी मैत्रीण. त्या खिडकीत बसून साड्यांना फॉल लावतात. घराला उजेड तेवढाच, आणि त्यांच्या हाताला काम तेवढंच. त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "माझा उजेड जाईल गं." मी म्हटलं, "ट्यूबलाइट लावून देऊ ना, काकू." त्या पुढे काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, पटलं.

बांधकाम म्हटल्यावर बरणी आलीच. मी कामाची बाई. बिल्डिंगच्या सत्यनारायणाला सगळी घरं खाली असतात, तेव्हा वेगळी मीटिंग कशाला? पूजेच्या दिवशी दुपारी जेवण, संध्याकाळी मतदान, एका दिवसात दोन कामं. पूजेला आमच्याकडे वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं असतं, आणि त्यासाठी आदल्या दिवशी घरटी एक वाटी वाटाणे गोळा करतात. यंदा पाहुणे जास्त, म्हणून मी घरटी दोन वाट्या मागितल्या. बायकांनी डबे उपडे करून दिले. कमी पडू नयेत म्हणून नाक्यावरच्या दुकानात होते तेवढे वाटाणेही मीच उचलून आणले.

सांबारं झकास झालं. लोकांनी बोटं चाटली. संध्याकाळी बरणी फिरली. फिरताना मला जरा विचित्र वाटलं, कारण काही बायका मूठ सोडताना खाली मान घालून हसत होत्या आणि काकू हसत नव्हत्या. मोजणी चेअरमन करतात. ते शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. कितीही गर्दी असो, चष्मा पुसल्याशिवाय मोजायला बसत नाहीत. त्यांनी बरणी ताटात उपडी केली आणि बराच वेळ ताटाकडेच बघत राहिले.

"चवळी तेरा," ते म्हणाले. "काळा वाटाणा शून्य."

"आणि बाकीचं हे काय, सर?" कोणीतरी विचारलं.

सरांनी एकेक वस्तू बाजूला ठेवायला सुरुवात केली. काळी मिरी तीन. चिंचोके दोन. राजमा एक. शर्टाचं काळं बटण एक. कुंडीतला खडा एक. आणि शेवटी, बरणीच्या तळाला चिकटलेला, सांबाऱ्यातून काढून नळाखाली धुतलेला, शिजलेला काळा वाटाणा एक. दोन घरांनी रिकामीच मूठ सोडली होती.

हसून हसून लोकांची पोटं दुखली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: बिल्डिंगभर कोणाच्याही घरात नकार देण्यापुरता एक वाटाणा उरला नव्हता, आणि तो मी उरू दिला नव्हता.

"शिजलेला वाटाणा धरायचा का?" कोणीतरी ओरडलं.

"शिजलेलं मत ग्राह्य नाही," सर गंभीरपणे म्हणाले. "मसाल्याच्या डब्यातलंही नाही. नियमात दोनच दाणे आहेत. विरोधात शून्य. सेक्रेटरीबाई, ठराव मंजूर?"

नऊ वेगळे दाणे माझ्यासमोर ताटात पडले होते. ते 'नको' म्हणून धरले असते तर तेरा 'हो' पुरणार नव्हते. तीनातली दोन मतं होत नव्हती. मला ते दिसत होतं. सरांनाही दिसत असणार, पण ते नियमाचे गुलाम. मी त्या क्षणी फक्त खुर्चीतल्या आईचे मिटलेले डोळे बघत होते. "मंजूर," मी म्हणाले. काकू उठून घरात गेल्या.

आईसाठी ठेवलेली सांबाऱ्याची वाटी घेऊन मी जिना धावत चढले. "आई, झालं! लिफ्ट येणार!"

ती पलंगावर बसून लसूण सोलत होती. तिचा चेहरा असा फुलला की मला तो आजही आठवतो. मग म्हणाली, "काळे वाटाणे किती पडले गो?"

"एकही नाही."

तिचे हात थांबले. "एकही नाय? ह्या बिल्डिंगीत? अगं, इथे उद्या सूर्य उगवू दे का म्हणून विचारलं तरी चार जण नको म्हणतील." ती विचार करत राहिली. माझ्या हातातल्या सांबाऱ्याच्या वाटीकडे तिचं लक्ष गेलं आणि तिला सगळं कळलं. "सगळे वाटाणे टोपात घातलंस, आणि मगे मतां मागलंस?"

"मी मुद्दाम नाही केलं, आई. शपथ."

"ताटात काय काय पडलं?"

मी सांगितलं. मिरी, चिंचोके, बटण. तिला हसू आलं, पण ते लगेच विरलं. "म्हणजे नऊ जणांनी नको म्हटलं आणि तू हो लिहिलंस. माका असली लिफ्ट नको."

"अगं, तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी म्हणूनच नको. उद्या मी त्या लिफ्टने खाली उतरणार, आणि उतरल्यावर समोर कोणाचं घर? तिच्या तोंडाकडे मी कशी बघू?"

मी चिडले. स्पष्टच सांगते, मी भयंकर चिडले. अकरा महिने मी त्या जिन्यावरून दिवसातून सहा वेळा चढउतार केली होती, माझे गुडघे बोलायला लागले होते, आणि ही बाई मिळालेली लिफ्ट परत करत होती. ताडताड पाय आपटत मी खाली आले. पहिल्या मजल्यावर पोचते तोच गॅलरीसमोरून एक टोपली खाली जाताना दिसली. भाजीसाठी आई दोरीने सोडते, तीच. तिच्यात एक कागद होता आणि एक पेन. कागदावर आईच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'बरणी परत काढा.' खाली पहिली सही तिची. टोपली तळमजल्यावर थांबली. काकूंचा हात खिडकीतून बाहेर आला आणि कागद आत गेला.

दुसऱ्या दिवशी टोपली प्रत्येक मजल्यावर थांबत वर गेली तेव्हा कागदावर अकरा सह्या होत्या. लिफ्टची सगळ्यात जास्त गरज जिला, तिनेच ठराव पाडायला सह्या गोळा केल्या, अशी सोसायटी मुंबईत दुसरी असेल तर मला दाखवा.

संध्याकाळी काकू स्वतः तिसऱ्या मजल्यावर आल्या. मी चहा टाकत होते. मला बघून म्हणाल्या, "मुद्दाम केलंस ना?"

"नाही, काकू. पण मोजताना कळलं होतं, तरी गप्प बसले."

"ते बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या आणि आईच्या शेजारी बसल्या. मग दोघी अर्धा तास काकूंच्या सुनांबद्दल बोलल्या. मला वाटलं, विषय निघणारच नाही. चहा संपल्यावर काकूच म्हणाल्या, "मागच्या बाजूला लाव ना लिफ्ट. जिन्याच्या भिंतीला. तिथे कोणाची खिडकी नाही."

मी म्हटलं, "तिथे ती मजल्यावर नाही थांबणार, काकू. अर्ध्या जिन्यावर थांबेल. आईला वरच्या नऊ पायऱ्या उतराव्याच लागतील. म्हणून तर आर्किटेक्टने पुढची बाजू काढली."

"नऊ?" आई म्हणाली. "चौपन्नाच्या नऊ?"

"नऊ."

"मग नऊ मी उतरते. बसून उतरेन, पण उतरेन."

"हे तुम्ही आधी का नाही बोललात, काकू?" मी विचारलं.

"विचारलंस कुठे तू? ट्यूबलाइट देते म्हणालीस."

ऑफिसातल्या तीस वर्षांत कोणी मला इतक्या कमी शब्दांत गप्प केलं नव्हतं. मी उठून आणखी एक कप चहा टाकला.

मागच्या बाजूच्या लिफ्टसाठी बरणी परत निघाली. या वेळी मी प्रत्येक दारात एक पुडी ठेवली: एक चवळी, एक काळा वाटाणा. वीस चवळ्या पडल्या आणि चार वाटाणे. ते चार कोणाचे, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि कळून घ्यायची माझी फार इच्छा आहे. पण चार पडले याचं आईला समाधान वाटलं. म्हणाली, आता खरी वाटतेय लिफ्ट.

काम पावसाळाभर चाललं. घरोघरी सिमेंटची धूळ बसली आणि तिच्याबद्दल सगळ्यांनी मलाच सुनावलं. तिकडे वर आईचा सराव सुरू होता. वरच्या नऊ पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घेतला होता. पहिल्या दिवशी एक पायरी उतरली आणि घामाघूम झाली. आठवड्याने दोन. काकू खालून चढून येत आणि अर्ध्या जिन्यावर उभं राहून मास्तरणीसारख्या मोजत. पाचव्या पायरीवर आई बरेच दिवस अडली. मी म्हटलं, राहू दे, खुर्ची आहे. त्यावर ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

लिफ्ट सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी वार्षिक सभा होती. त्या सभेत माझा स्वतःचा ठराव होता. इतक्या दगदगीनंतर मला शहाणपण यायला हवं होतं, पण मला आला होता थकवा. ठराव असा, की यापुढे बरणी फक्त बांधकामासाठी काढावी. बाकी सगळं कमिटीने ठरवावं, सह्या गोळा करून ते बदलता येऊ नये. ठराव लिहिताना मी खूश होते. घरं मोजली होती. तेरा माझ्या बाजूने येतील असा अंदाज होता. त्या तेरांत एक आईचं होतं. नेहमीसारखी वर जाईन, दाणा घेईन, असंच मी धरून चालले होते.

आवारात सतरंज्या, खुर्च्या मांडल्या. सर घड्याळ बघून सुरुवात करणार, तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. आई बाहेर आली. एका हातात काठी, दुसरी मूठ बंद. अंगावर लग्नाकार्यात नेसते ती जांभळी साडी, तिचा फॉल नुकताच लावलेला. आवारातली सगळी माणसं एकदम उभी राहिली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण कोणाला काही सुचलंच नाही. सर आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर सुरुवात करायची विसरले. काकू पुढे होऊन तिला खुर्चीपर्यंत घेऊन आल्या. मी हातातली वही धरून नुसती बघत राहिले. अकरा महिन्यांनंतर, आणि वर आणखी सहा, माझी आई स्वतःच्या पायांनी खाली आली होती, आणि मला इतका आनंद झाला होता की ठरावाचं भानच राहिलं नाही.

बरणी फिरली. आईपुढे आली तेव्हा तिने मूठ बरणीच्या तोंडावर नेली, जरा थांबली, आणि सोडली. सरांनी चष्मा पुसला. चवळी बारा, काळे वाटाणे बारा. "समसमान," सर म्हणाले. "ठराव पडला."

सभा संपल्यावर मी आईला घेऊन लिफ्टमध्ये शिरले. दार लागलं. मी म्हटलं, "एका मताने पडला गं."

"माझ्याच," आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती दारावरच्या लाल आकड्याकडे बघत होती. "तुझ्या हातात दिला असता तर त्याची चवळी झाली असती," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "रंगाचा निकाल सांगायला आलीस, तेव्हा माझ्याकडे न बघता शेगडी पुसत होतीस. मी तेव्हाच ओळखलं. म्हटलं, आता आपणच खाली जायला हवं."

इतके महिने तिचं "माका खाली जावचा आसा" ऐकून मला वाटत होतं, तिला मोकळी हवा हवी आहे, माणसं हवी आहेत. ते तर हवंच होतं. पण माझ्यापासून स्वतःचं मत सोडवून घ्यायलाही तिला खाली यायचं होतं. मला शरम वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. "चुकलं माझं, आई," मी म्हणाले. ती म्हणाली, "कळलं ना? मग झालं."

लिफ्ट अर्ध्या जिन्यावर थांबली. वर नऊ पायऱ्या होत्या. सवयीने माझा हात तिच्या दंडाकडे गेला आणि मी तो मागे घेतला. तिने कठडा धरला, काठी माझ्याकडे दिली, आणि मी तिच्यामागून, एक पायरी अंतर ठेवून, ती जेवढ्या वेळात चढली तेवढ्याच वेळात वर गेले.